मुलाला जिआर्डिया निघालाय, प्रोबायोटिक आणि दह्यावर भागेल का?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात संडासच्या तपासणीत सहा वर्षांच्या मुलाला जिआर्डिया निघाला. शाळेत जंताची गोळी खाल्ली होती तरी हे कसं, आणि आता कडू औषधाऐवजी प्रोबायोटिकच्या पुड्या आणि घरचं दही चालेल का?

नाही चालणार. पुडी औषधाच्या जोडीला द्या, औषधाच्या जागी नको.

आधी गोळीचं. शाळेत मिळते ती अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम, एकच डोस. तो गोल जंत आणि आकडेकृमीसाठी असतो. जिआर्डिया हा जंत नव्हे, एकपेशीय परजीवी आहे. त्याच्यावर हीच गोळी रोज एक अशी पाच दिवस द्यावी लागते. म्हणून शाळेतल्या एका गोळीने तो गेला नाही.

प्रोबायोटिकबद्दल माणसांतला थोडाफार पुरावा आहे तो सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टचा, आणि तोही मेट्रोनिडाझोल या जिआर्डियावरच्या औषधासोबत दिल्यावरचा. लॅक्टोबॅसिलस या जिवाणूंचे चांगले निकाल बहुतेक प्रयोगशाळेतले आणि प्राण्यांवरचे आहेत. नुसत्या पुड्यांवर पंधरा दिवस काढले तर तेवढे दिवस मूल अंगाने खंगतं आणि घरात लागण पसरते.

मेट्रोनिडाझोलचा डोस साधारणपणे दर किलो वजनाला दिवसाला 15 मिलिग्रॅम, तीन वेळांत विभागून, 5 ते 7 दिवस. नेमका आकडा डॉक्टर वजन करून ठरवतील. चव धातूसारखी कडवट, म्हणून मुलं थुंकतात; जेवणानंतर द्या. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की बाटली फडताळात जाते, आणि दुखणं उलटतं ते इथेच.

पुडी घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. बोलार्डी यीस्ट असल्याने अँटिबायोटिकने मरत नाही, बुरशीच्या औषधाने मात्र मरतं. कोमट पाण्यात किंवा दह्यात कालवा. वाफाळत्या दुधात टाकलीत तर पैसे वाया. प्रतिकारशक्ती फारच कमी असलेल्या किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णाला ही पुडी देऊ नये, यीस्ट रक्तात उतरू शकतं.

दही भाकरीसोबत जरूर द्या. पण विरजणात कोणते जिवाणू किती आहेत हे कुणी मोजलेलं नसतं, त्यामुळे ते अन्न आहे, उपचार नव्हे.

आता पाणी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पिंप आणि हौद भरून ठेवावेच लागतात. तुरटीने गाळ बसतो, सिस्ट (संडासातून बाहेर पडणारा जिआर्डियाचा कवचधारी अवतार) मरत नाही. क्लोरीनच्या नेहमीच्या थेंबांनाही तो दाद देत नाही, आणि कापडातून तर आरपार जातो. पाण्याला खळखळून उकळी आली की पुढे एक मिनिट उकळू द्या, त्याच भांड्यात झाकून गार करा, आणि ओगराळ्याने घ्या. पेला धरून बोटं बुडवलीत की उकळण्याचे कष्ट फुकट.

कोर्सनंतर दूध प्यायलं की पोट फुगतं, पातळ होतं, आणि आईवडील घाबरून पुन्हा तेच औषध सुरू करतात. आतड्याचं अस्तर दुखावल्याने दुधातली साखर काही आठवडे पचत नाही, एवढंच. दोन-चार आठवडे दूध बंद ठेवा. दही बहुतेक वेळा सोसतं. तरीही त्रास राहिला तर वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने तपासा, कारण सिस्ट रोज पडत नाहीत.