तिसऱ्यांदा 'नीट' कुणासाठी?

कोथरूडहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीनं दोनदा 'नीट' दिली, जागा मिळाली नाही. आता ती बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कीटकनाशकांना दाद न देणाऱ्या डासांवर तिला संशोधन करायचंय. वडील विचारतात, "पदवी सोडून पुन्हा 'नीट'ला बस, हे तिला कसं पटवू? औषध जास्त फवारलं की डास मरतात, त्यात संशोधन कसलं? नातेवाइकांना काय सांगू?"

तिला पटवायला मी मदत करणार नाही. पहिल्या वर्षी तिला प्रथम श्रेणी मिळाली, हे तुम्ही कंसात लिहिलंत आणि नातेवाइकांवर अख्खा परिच्छेद. दोनदा अपयश पचवून पोरगी स्वतःहून उभी राहिली आहे. चालू पदवी सोडायला लावून तिला पुन्हा त्याच परीक्षेला बसवणं मला निर्दयपणाचं वाटतं. नातेवाइकांना सांगा, ती प्राणिशास्त्र शिकतेय. तेवढं पुरे.

आता तुमच्या फवारणीबद्दल. डासांना औषधाची सवय होत नाही. हजारो डासांत थोड्यांच्या जनुकांत आधीच बदल असतो. काहींच्या मज्जापेशींत औषध जिथे चिकटतं ती जागाच बदललेली असते, काहींच्या शरीरातली विकरं (एन्झाइम) औषधाचे तुकडे करतात. फवारणीत बाकीचे मरतात, हे उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. पावसाळ्यात ती दोनेक आठवड्यांत तयार होते. म्हणजे तेच औषध वाढवत नेलं तर आपण प्रतिकारक डासच निवडत राहतो. शिवाय डीडीटी आणि आजची पायरेथ्रॉइड औषधं मज्जापेशींतल्या एकाच दारावर घाव घालतात. त्यामुळे एकाला पुरून उरलेला डास बरेचदा दुसऱ्यालाही पुरून उरतो. कोणतं औषध कुठे निकामी झालंय, हे तपासावंच लागतं. ठरलेल्या मात्रेला तासभर ठेवून २४ तासांनी मेलेले डास मोजतात. ९० टक्क्यांहून कमी मेले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रतिकार पक्का. डेंगीवर नेमकं औषध नाही, म्हणून हे काम डॉक्टरकीइतकंच मोलाचं आहे.

वाट सरळ आहे: एम.एस्सी., मग नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. पुदुच्चेरीच्या व्हीसीआरसी या रोगवाहक कीटकांवरच्या संशोधन केंद्रात सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्रात एम.एस्सी. आहे, डासांतून पसरणाऱ्या विषाणूंवर काम करणारी राष्ट्रीय विषाणू संस्था (एनआयव्ही) तर पुण्यातच आहे. कायमच्या जागा मात्र कमी आणि पीएच.डी.ला वर्षं जातात, हे तिला आजच कळू द्या.

पुढचं पत्र तिनं लिहावं. संख्याशास्त्र तिला कितपत जमतं, हे मला विचारायचंय. या कामात ते जीवशास्त्राइतकंच लागतं.