एसी की कूलर? त्याआधी पॉलिसीचे बोलू

प्रश्न : माझे वय ३८ असून मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील कारखान्यात नोकरीला आहे. हातात ५५ हजार येतात, पत्नी गृहिणी आहे, मुले दोन. मानेवाड्यात वरच्या मजल्यावर राहतो. जुना कूलर बदलावा की ४२ हजारांचा एसी बिनव्याजी हप्त्यांवर घ्यावा? एप्रिलमध्ये विम्याचा ६० हजारांचा तिसरा हप्ता असल्याने रोख देणे जमणार नाही. ही पॉलिसी मेहुण्याने काढून दिली. विमा ६ लाखांचा आहे, २० वर्षांनी बोनस धरून २० लाख मिळतील आणि करही वाचतो. एसीच्या खर्चाचा तक्ता सोबत जोडला आहे.

उत्तर : आपल्या तक्त्यात विजेचे युनिट, खसाच्या ताट्या आणि गॅस भरण्याचा खर्चसुद्धा आहे. ४२ हजारांसाठी एवढा अभ्यास करणाऱ्या माणसाने १२ लाखांच्या बांधिलकीवर मेहुण्याच्या शब्दावर सही केली, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

आपल्याला काही झाले तर घरच्यांना ६ लाख मिळतील, म्हणजे अकरा महिन्यांचा पगार. याला विमा म्हणवत नाही. परताव्याचे पाहिले, तर दरवर्षी ६० हजार भरून २० वर्षांनी २० लाख म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांहूनही कमी, आणि त्यातील बोनसची हमी कोणीच दिलेली नाही. कर वाचतो, हे तर निव्वळ बोलणे आहे; आपल्या पगारावर नव्या करप्रणालीत आज कर शून्य आहे, मग वाचवायचे काय?

भरलेले १ लाख २० हजार वाया जातील, ही भीती समजते. पण ते संपूर्ण बुडाले असे धरले, तरी उरलेल्या १८ वर्षांत दरवर्षी हेच ६० हजार पीपीएफ या सरकारी बचत योजनेत टाकल्यास आजच्या ७.१ टक्के दराने सुमारे २२ लाख होतात. दर बदलू शकतो, हे मान्य. वर्षाच्या या ६० हजारांतले १५ हजार मुदत विम्याकडे (टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) वळवले, तर जमा साडेसोळा लाखांवर येईल. मात्र प्रकृती ठीक आणि व्यसन नसल्यास तेवढ्यात ७५ लाखांच्या आसपास संरक्षण मिळू शकते, आणि दोन लहान मुलांच्या घराला आज तेच हवे आहे.

क्रम चुकवू नका. नवा मुदत विमा हातात पडेपर्यंत जुनी पॉलिसी बंद करू नये. दरम्यान, आता बंद केल्यास किती मिळेल आणि हप्ते थांबवून पेड-अप, म्हणजे कमी रकमेवर चालू ठेवल्यास शेवटी किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. तोंडी आकड्यावर विसंबू नका.

आता एसी. बिनव्याजी हप्त्यात व्याज बहुधा प्रक्रिया शुल्कात किंवा हुकलेल्या रोख सवलतीत दडलेले असते. सीताबर्डीच्या दुकानात रोखीचा भाव आधी विचारा, फरक तिथेच कळेल. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात कूलर उत्तम चालतो, मृग लागून हवा दमट झाली की तो निकामी होतो. म्हणजे एसीची खरी गरज थोड्याच आठवड्यांची. यंदा नवा कूलर घ्या. एसीचे पुढच्या वर्षी, हाती सहा महिन्यांचा घरखर्च साठल्यावर पाहू.

पॉलिसी बंद करण्याचे कानावर गेले की मेहुणा "त्याहून चांगली" योजना घेऊन येईल. त्याला चहा द्या, सही देऊ नका.