आयात केलेल्या लेगसी जीटी-बी वॅगनमध्ये बदल करताना सुरुवात कशापासून करावी?

आपण २००० सालची, मॅन्युअल गिअरची सुबारू लेगसी जीटी-बी वॅगन जपानमधून आणली आहे आणि एक्झॉस्ट, वाढीव बूस्ट (टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा दाब), कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-डॅम्परचे संच) व १८ इंची चाके यांपैकी आधी काय करावे, असे विचारले आहे. माझ्याकडेही याच पिढीची वॅगन आहे. माझे मत असे की या गाडीच्या इंजिनाला शक्यतो हात लावू नये. जो काही पैसा आहे तो ब्रेक, टायर आणि सस्पेन्शनसाठी राखून ठेवावा.

बीएच५ या, म्हणजे आपल्या वॅगनच्या, चॅसीतील दोन लिटरच्या इंजिनाला दोन टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारे पंखे) आहेत आणि ते एकदम नव्हे, तर क्रमाने काम करतात. कमी आरपीएमवर पहिला टर्बो एकटाच ओढतो आणि साधारण ४,५०० आरपीएमच्या आसपास दुसरा त्याला येऊन मिळतो. या हस्तांतराच्या वेळी टॉर्क क्षणभर खाली येतो, हा या रचनेचा जन्मजात गुण आहे, बिघाड नव्हे. हे हस्तांतर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, अनेक सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या झडपा) आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांच्या मदतीने घडवून आणतो, आणि इतक्या वर्षांनी त्या नळ्या कडक होऊन तडकलेल्या असतात. अशा गाडीला मोकळा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पहिला पाइप) लावला, तर मागचा अडथळा कमी झाल्याने बूस्ट ठरवलेल्या मर्यादेपलीकडे चढू शकतो आणि ईसीयू बचावासाठी इंधन तोडतो. त्यातच जपानमधील प्रीमियम पेट्रोलचा ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेचा आकडा) बहुधा १०० च्या आसपास असल्याने मूळ ट्यूनिंग त्याच हिशेबाने केलेले आहे; आपल्याला मिळणारे पेट्रोल त्याहून कमी दर्जाचे असेल, तर बूस्ट वाढवणे म्हणजे नॉकिंगला (इंधन अवेळी भडकण्याला) आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या नाजूक कडा तुटण्याला आमंत्रण देणे होय. कागदावर या मॅन्युअल गाडीची ताकद मुळातच २८० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) आहे, जी त्या काळी जपानी उत्पादकांनी आपापसांत पाळलेली कमाल मर्यादा होती. म्हणून आधी सर्व नळ्या बदलाव्यात, टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर तोही बदलावा, आणि मगच गाडी खरोखर कमी पडते का ते पाहावे.

एक्झॉस्टबद्दल आणखी एक गोष्ट सेडानवाले सांगणार नाहीत. वॅगनला वेगळी डिकी नसते, त्यामुळे मागच्या सायलेन्सरचा घुमणारा आवाज थेट केबिनमध्ये येतो आणि महामार्गावर एकाच वेगाने जाताना डोके उठते.

सस्पेन्शनमध्ये घाई नको. जीटी-बीला कंपनीकडूनच बिल्स्टाइन या कंपनीचे डॅम्पर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) मिळतात; ते गळत असतील तर दुरुस्त करून घेणे अनेकदा स्वस्त कॉइलओव्हरपेक्षा चांगले ठरते. कॉइलओव्हरच घ्यायचे असतील, तर ते वॅगनसाठीच बनवलेले आहेत याची विक्रेत्याकडून लेखी खात्री करून घ्यावी, कारण मागच्या भागाचे वजन आणि सामानाचा भार धरून तिथल्या स्प्रिंगांचा कडकपणा ठरवलेला असतो. गाडी फार खाली बसवली की मागच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) ऋण बाजूला जातो, म्हणजे चाके वरून आत झुकतात, आणि टायर आतल्या कडेने झिजतात; मी स्वतः दोन-अडीच सेंटिमीटरच्या पुढे जाणार नाही. सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुशही त्याच वेळी बदलून घ्यावेत.

चाकांसाठी पीसीडी (बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिलिमीटरमधील व्यास) ५ × १०० आणि हबचे भोक ५६.१ मिलिमीटर लागते. ऑल-व्हील ड्राइव्ह असल्याने चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे ठेवावेत, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या सेंटर डिफरेन्शियलवर ताण येतो. १८ इंची चाकांचा मला मोह नाही, १७ इंचीवर ही गाडी अधिक सुखाने चालते.

सुटे भाग मागवताना मात्र १७ अंकी व्हीआयएन (गाडीचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) विचारणाऱ्या संकेतस्थळांवर अडकू नये. जपानी बाजारातील गाडीला तो नसतो. बॉनेटखालील पाटीवरचे मॉडेल कोड आणि चॅसी क्रमांक विक्रेत्याला जसेच्या तसे पाठवावेत, कारण एकाच वर्षातल्या दोन गाड्यांचे भागही वेगळे असू शकतात.