पाऊस खरंच कमी झालाय का? हवामानबदलावर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गावात पारावर नेहमी वाद होतो. म्हातारी माणसं म्हणतात पाऊस निम्म्यावर आला. तरुण म्हणतात, बाहत्तरचा दुष्काळ काय हवामानबदलामुळे पडला होता? शाळेत पर्जन्यमापक बसवून याचा निकाल लावता येईल का? (एक शिक्षिका, माण तालुका)

पर्जन्यमापक जरूर बसवा, पण दोन-चार पावसाळ्यांत निकाल लागणार नाही. पाऊस मुळातच लहरी. एखाद्या साली सरासरीच्या दीडपट, पुढच्या साली निम्मा. म्हणून हवामान बदललं की नाही हे निदान तीस वर्षांच्या नोंदींवरून ठरवतात. मोजणी कुठून सुरू करता यालाही फार महत्त्व आहे. १९७२ पासून धरलंत तर पाऊस वाढलेला दिसेल, एखाद्या ओल्या सालापासून धरलंत तर घटलेला. जगाच्या तापमानाबाबत नेमकं हेच केलं गेलं. १९९८ हे एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापतं त्यामुळे, विलक्षण तापलेलं वर्ष. तिथून रेघ ओढून ‘तापमानवाढ थांबली’ असं काही जण कित्येक वर्षं सांगत राहिले. पुढे २०२४ हे आजवरच्या नोंदींतलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं.

आता मापकाचं. तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर आणि अगदी समपातळीत हवं. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा. गच्चीवर ठेवू नका. तिथल्या वाऱ्याने थेंब तोंडावरून उडून जातात आणि पाऊस कमी भरतो. विकतचं यंत्र नसेल तर नरसाळं आणि कॅन चालेल. २० सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे कॅनमधलं दर ३१.४ मिलिलिटर पाणी हा १ मिलिमीटर पाऊस. निमुळत्या बाटलीत नुसती पट्टी बुडवून घेतलेला आकडा हमखास चुकतो.

वाचन रोज सकाळी साडेआठला. रात्री पडलेला पाऊस दुसऱ्या दिवसाच्या तारखेला लिहायचा, कारण हवामान खात्याचा दिवस साडेआठला बदलतो. शाळांच्या नोंदवह्या बिघडतात त्या सुट्टीमुळे. रविवारी कुणी गेलं नाही की तिथे शून्य पडतं आणि सोमवारी भलामोठा आकडा. असं झालं तर रविवारी आडवी रेघ मारा आणि सोमवारच्या आकड्यापुढे ‘दोन दिवसांचा’ असं लिहा. नाहीतर एक खोटा कोरडा दिवस आणि एक खोटी अतिवृष्टी कायमची वहीत राहते.

नुसती बेरीज करून थांबू नका. २.५ मिलिमीटर किंवा जास्त पावसाचे दिवस किती, ६५ मिलिमीटरच्या वरचे किती, आणि जुलै-ऑगस्टमध्ये सलग उघडीप सर्वांत लांब किती दिवसांची, हे तिन्ही वेगवेगळं मोजा. म्हाताऱ्यांच्या आठवणीतला ‘पाऊस गेला’ पुष्कळदा एकूण पावसाबद्दल नसतो, संततधार गेल्याबद्दल असतो. पाच दिवसांची झड आणि एका दुपारचा ढगफुटीसारखा पाऊस यांची बेरीज सारखी आली, तरी विहिरीला आणि ज्वारीला ती सारखी नसते.

जुन्या नोंदींसाठी तहसील कार्यालयात महसूल मंडळाचा पाऊस विचारा. पुण्याच्या शिवाजीनगरमधल्या हवामान खात्याकडे १९०१ पासूनची चौकटवार, म्हणजे नकाशाचे चौकोन पाडून केलेली, आकडेवारी आहे; ती संकेतस्थळावरून मोफत मिळते. एक चौकट साधारण २५ ते २८ किलोमीटर बाजूची आहे. तो सगळ्या टापूचा अंदाज असतो, तुमच्या शिवाराचा नव्हे.

प्रश्न : २६ जुलै २००५ चा मुंबईचा पूर हवामानबदलामुळेच आला ना? (एक वाचक, कुर्ला)

एका पुराला ‘यामुळेच’ असं एकच कारण लावता येत नाही. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला फक्त ७३. ढगांची इतकी स्थानिक खेळी एका सरासरी तापमानावरून समजत नाही. शिवाय मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या आणि मिठी नदी दोन्ही बाजूंनी आवळलेली.

विचारायला हवं ते हे, की असे दिवस वाढताहेत का? हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरायची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात मोठ्या टापूवर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं दिसलं. त्याच काळात देशाचा एकूण मोसमी पाऊस मात्र थोडा घटला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि वाद घालणारे आपापल्या सोयीची एक उचलतात.

प्रश्न : एक ज्वालामुखी माणसापेक्षा जास्त कार्बन सोडतो, असा संदेश फिरतोय. (एक वाचक, बेळगाव)

साफ खोटं. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून त्याच्या एक टक्काही भरत नाहीत. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं गाडलेलं, त्यामुळे त्यात कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर विरत जाणारा किरणोत्सर्गी कार्बन, उरलेला नसतो. हवेतल्या कार्बनमध्ये त्याचं प्रमाण याच कारणाने पातळ होत गेलं. जळण्याला ऑक्सिजन लागतो आणि हवेतला ऑक्सिजनही किंचित घटताना मोजला गेला आहे. ज्वालामुखीने तो घटला नसता. उलट १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला तेव्हा त्याच्या गंधकी धुळीने जग काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने थंड झालं.

प्रश्न : शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, मग आम्ही कुणाचं ऐकायचं? (एक शेतकरी, निफाड)

मतभेद आहेत, पण कशावर ते पाहा. तापमान वाढतंय आणि ते माणसामुळे, यावर नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचं उत्तर बहुधा अडीच ते चार अंश असं येतं. ही दरी मुख्यतः ढगांमुळे आहे, आणि तिच्यावर काम चालू आहे. पावसाचं भाकीतही तापमानाच्या मानाने कच्चं आहे, हे कुठलाही प्रामाणिक अभ्यासक कबूल करेल.

दुसरा वाद न्यायाचा. भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन, अमेरिकेत सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. कपात कुणी आधी करायची आणि द्राक्षबागेवरच्या गारपिटीचं नुकसान कुणी भरायचं, यावर भांडायला हवंच. तुमचा आवाज तिथे लागणार आहे. मात्र हे भांडण पुढे करून ‘हवा तापतच नाही’ असं कुणी सांगू लागलं, तर त्याने मुद्दा बदलला आहे हे त्याला तिथल्या तिथे दाखवून द्या.