अपघातानंतर जखम भरली पण माणूस बदलला, डोक्याला मार लागल्यावर असं का होतं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर चार महिन्यांपूर्वी बाईकवरून पडले, सीटी स्कॅनमध्ये पुढच्या बाजूला थोडं रक्त दिसलं, ऑपरेशन लागलं नाही, आठवड्याभरात घरी आले, टाके निघाले, चालतात फिरतात, आणि तरी एकदम चिडतात, सांगितलेलं विसरतात, दुकानात दोन तास बसले की डोकं धरून घरी येतात, आणि घरातले म्हणतात की आता नाटकं करतोय. असं का होतं, कशाकशाने होतं आणि पुढे काय, असा तुमचा प्रश्न.

नाटक नाहीये, हे आधी सांगतो. मी नाशिकला न्यूरोसर्जरीच्या आयसीयूत ब्रदर आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांच्या भानगडीत पडणार नाही. पण डोक्याला मार लागलेली माणसं आणि बाहेर बाकड्यावर बसलेली त्यांच्या घरची माणसं बरीच वर्षं बघतोय, आणि सगळ्यांची एक सवय सारखीच, डोक्याचा मार बाहेरून दिसेल तेवढाच धरायचा. अपघाताच्या दिवशी पण तसंच आणि सहा महिन्यांनी पण तसंच.

मेंदू असतो साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमचा, खरवसासारखा मऊ, आणि कवटीच्या आत पातळ पाण्यात तरंगत असतो. गाडी आपटली, डोकं रस्त्यावर आदळून थांबलं, पण आतला मेंदू त्याच वेगात पुढे जातो, हाडावर आपटतो आणि उलटा येऊन मागच्या हाडावर आपटतो. त्यामुळे मार डाव्या बाजूला आणि रक्त उजव्या बाजूला असं स्कॅनमध्ये बरेचदा दिसतं, नातेवाईकांना वाटतं रिपोर्टच दुसऱ्याचा आला. आणि कवटीचा तळ आतून सगळीकडे गुळगुळीत नसतो, कपाळाच्या मागे आणि कानशिलाच्या आतल्या बाजूला हाड खडबडीत असतं, मेंदू तिथेच जास्त खरचटतो, मग मार मागून बसलेला असला तरी. आता ह्या दोन जागांचं काम काय बघा. कपाळामागचा भाग राग आवरतो, पुढचा-मागचा विचार करतो, कामाला सुरुवात करून देतो, कुठे काय बोलावं ते ठरवतो. कानशिलाजवळचा भाग नवीन गोष्ट लक्षात ठेवतो. हातपाय हलवायचा भाग वेगळा, बराच वर. म्हणून माणूस जिना धडाधड चढतो आणि वर कशाला आलो ते विसरतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की हा तर धडधाकट आहे.

दुसरा प्रकार ह्याहून फसवा. डोकं नुसतं आपटत नाही, आपटताना गरकन फिरतं पण, आणि त्या पिळवटण्यात मेंदूतल्या बारीक तारा ताणल्या जातात, काही तुटतात. त्याचं रक्त फारसं येत नाही. सीटी स्कॅन जवळजवळ नॉर्मल आणि पेशंट मात्र बेशुद्ध, असं बघितलंय आम्ही, मग एमआरआय केल्यावर बारीक बारीक ठिपके दिसतात. हेच कमी प्रमाणात झालं की माणूस शुद्धीत असतो, घरी जातो, फक्त त्याचं डोकं पूर्वीच्या स्पीडने चालत नाही. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल आहे' ह्याचा अर्थ एवढाच की ऑपरेशन करण्यासारखं काही दिसलं नाही.

आता पहिल्या काही तासांचं. तुमचं ते होऊन गेलंय पण हे वाचणारे बाकीचे असतील, म्हणून लिहितो. मार लागला, क्षणभर अंधारी आली, मग उठून बसला, पाणी प्यायला, 'काही नाही झालं, मुका मार आहे' म्हणाला आणि घरी जाऊन झोपला, ही स्टोरी आम्हाला तोंडपाठ आहे. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते, हाड तडकलं की ती फुटते, रक्त कवटी आणि मेंदूच्या आवरणाच्या मध्ये साठत जातं, आणि ते साठेपर्यंत माणूस एकदम बरा दिसू शकतो. नंतर डोकं ठणकतं, उलट्या सुरू होतात, गुंगी येते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. हे वेळेत पकडलं तर कवटी उघडून रक्त काढतात आणि माणूस वाचतो, बऱ्याचदा चांगला बरा होतो, म्हणून तर जास्त हळहळ वाटते. क्रिकेटवाल्यांना आपला बॅट्समन रमण लांबा आठवत असेल. १९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्याला क्लब मॅचमध्ये शॉर्ट लेगला, म्हणजे बॅट्समनच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता उभा राहिला, बॉल कपाळावर बसला, स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला, आणि तीन दिवसांनी गेला. आतमध्ये रक्तस्राव झाला होता.

त्याच्या खूप आधी, १९६२ ला, आपले कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टर बार्बाडोसमध्ये वेस्ट इंडिजच्या ग्रिफिथच्या बॉलवर जबर जखमी झाले, तेव्हा हेल्मेट हा प्रकारच नव्हता. कवटी फ्रॅक्चर, तातडीची ऑपरेशनं, रक्त द्यायला त्यांचा कॅप्टन फ्रँक वॉरेल पुढे आला आणि आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर पण. कॉन्ट्रॅक्टर वाचले, नंतर फर्स्ट क्लास क्रिकेट पण खेळले, टेस्ट मात्र परत कधीच नाही. डोक्यात बसवलेली धातूची प्लेट २०२२ मध्ये मुंबईत काढली, म्हणजे साठ वर्षं ती डोक्यात होती.

आणि रक्त आलं नाही, सूज आली तरी ती सूज पण घातकच. हात सुजला तर कातडी ताणते, कवटी ताणत नाही. आत जागा तेवढीच, सूज वाढली की प्रेशर वाढतं, प्रेशर वाढलं की नवीन रक्त वर चढत नाही, रक्त नाही म्हणजे ऑक्सिजन नाही, आणि मग पहिल्या माराने वाचलेला भाग ह्या दुसऱ्या फेरीत मरतो. आमची सगळी धडपड ह्या दुसऱ्या फेरीसाठी असते, व्हेंटिलेटर, बीपी पडू न देणं, डोक्याची बाजू उंच ठेवणं, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा करून देणं. तो तुकडा बरेचदा पेशंटच्या पोटाच्या कातडीखाली ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. हे ऐकून नातेवाईक आमच्याकडे असे बघतात की काय सांगू. तर रस्त्यावर कोणी पडलेला दिसला तर त्याला बसवून पाणी पाजू नका, बेशुद्ध माणसाला पाजलेलं पाणी छातीत जातं. मान फार हलवू नका, १०८ ला फोन लावा. पोलीस मागे लागतील ही भीती सोडा, मोटार वाहन कायद्यात २०१९ ला १३४अ कलम आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगायची पण सक्ती करता येत नाही.

कारणं विचारलीत तर आपल्याकडे एक नंबरला रस्ता आणि त्यात दुचाकी. सरकारच्याच रिपोर्टप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली, आणि ह्यातली १४,३३७ मागे बसलेली होती. हा मागे बसलेल्यांचा आकडा मला फार खटकतो, कारण आमच्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक ह्यातल्याच. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, मांडीवर लेकरू, एका हातात पिशवी, न दिसलेला स्पीड ब्रेकर येतो आणि त्या सरळ मागे डोक्यावर पडतात, किंवा पदर, ओढणी चाकात जाते. गाडी चालवणाऱ्याला खरचटत पण नाही. हेल्मेट एकच असतं आणि ते बऱ्याचदा आरशाला अडकवलेलं. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरले होते, त्यावर मी काही बोलत नाही, आमच्या वॉर्डात एक चक्कर मारा एवढंच म्हणतो.

दुसऱ्या नंबरला पडणं. लहान पोरं गच्चीवरून, संक्रांतीत पतंगाच्या मागे. मोठी माणसं झाडावरून, स्लॅबच्या परांचीवरून, दहीहंडीच्या थरावरून. आणि म्हातारी माणसं बाथरूममध्ये, हे सगळ्यात कमी लक्षात येणारं. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, त्यामुळे आवरणाशी जोडणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्याच असतात, साध्या धक्क्याने फुटतात आणि रक्त थेंबथेंब साठतं, दोन-चार आठवडे काही कळत नाही. मग आजोबा एक पाय ओढायला लागतात, झोपून राहतात, बोलण्यात गडबड होते आणि घरातले म्हणतात वय झालं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर धोका अजून जास्त. कवटीला छोटं भोक पाडून ते रक्त काढलं की तेच आजोबा काही दिवसांत पेपर वाचत बसतात. तेव्हा म्हातारपणात असा बदल अचानक दिसला तर गेल्या महिन्या-दोन महिन्यांत पडले होते का ते आठवून बघा आणि स्कॅन करून घ्या. मारामारीतले पेशंट पण येतात, त्यावर इथे नको.

आता तुमच्या घरातलं. डिस्चार्ज कार्डवर जीसीएस लिहिलेला असेल, म्हणजे शुद्धीचे मार्क, १५ पैकी. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ ला ही पद्धत काढली, डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. आणताना १३ किंवा त्याच्या वर असेल तर त्याला 'माइल्ड' म्हणतात, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर. हा माइल्ड शब्द फक्त पहिल्या दिवसाच्या शुद्धीपुरता असतो, घरच्यांना वाटतं की पुढचं सगळं माइल्डच असणार.

तुम्ही सांगताय ती लक्षणं आम्ही फॉलोअपला कायम ऐकतो. थकवा, तोही असा की दोन तासांत बॅटरी संपते, कारण पूर्वी आपोआप व्हायची ती कामं आता जोर लावून करावी लागतात. दुकानात गिऱ्हाईक बोलतंय, फोन वाजतोय, सुट्टे मोजायचेत, हे तिन्ही एकदम जमत नाही, आणि जमत नाहीये हे त्यांना स्वतःला कळतं, त्याचा राग निघतो तुमच्यावर. आवाज, उजेड सहन होत नाही. झोप बिघडते. वास जातो कधी कधी, नाकाच्या वरच्या बारीक नसा तुटल्यामुळे, मग जेवणाला चव नाही म्हणून भांडण. अपघाताच्या आसपासचं काही आठवत नाही, ते आठवावं म्हणून खोदून विचारू नका, ते मेंदूत नीट साठवलंच गेलेलं नसतं. सिनेमात डोक्यात दुसरा फटका बसून आठवण परत येते, खऱ्यात दुसऱ्या फटक्याने असलेलंही जातं.

आणि काहींचा राग वाढत नाही, उलट माणूस गप्प होतो, सांगितलं तर अंघोळ करतो, नाही सांगितलं तर दिवसभर टीव्हीसमोर. ह्याला आळशी म्हणतात लोक. हा पण त्याच कपाळामागच्या भागाचा प्रकार. बायकोला हे सगळ्यात जड जातं, कारण माणूस समोर आहे, आणि तरी पूर्वीचा नाही, आणि हे रडगाणं सांगायची पण सोय नाही, सगळे म्हणतात वाचला हे काय कमी आहे. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मेंदूची ही इजा वेगळी लिहिलेली नाही, त्यामुळे पाय गेलेल्याला सर्टिफिकेट मिळतं आणि नुसती स्मरणशक्ती, डोकं चालणं गेलेला खेटे घालत बसतो.

सुधारणा होते का, तर होते. पहिल्या सहा महिन्यांत वेग जास्त, नंतर हळू, पण दोन वर्षांपर्यंत आणि काहींना त्यानंतरही फरक पडलेला बघितलाय. तुम्ही चौथ्या महिन्यात आहात. दुकान पूर्ण दिवस नको, सकाळी गर्दी नसताना एक तास, मग घरी अंधाऱ्या खोलीत पडणं, आठवड्याने थोडं वाढवा. हिशोब, निरोप, औषधं सगळं वहीत किंवा मोबाईलच्या अलार्मवर, तोंडी काहीच नको. एका वेळी एकानेच बोलायचं, टीव्ही बंद करून. राग आला की वाद न घालता पोरांना घेऊन दुसऱ्या खोलीत जा, दहा मिनिटांनी बहुतेक वेळा त्यांनाच वाईट वाटत असतं. हात उगारत असतील तर मात्र सहन करत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. न्यूरोसर्जनचं काम ऑपरेशन लागणार नाही म्हटल्यावर जवळजवळ संपतं, तुम्हाला आता क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून लक्ष आणि स्मरणशक्तीची तपासणी हवी, जमलं तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं परत जमवून देणारा, आणि उदास वाटत असतील तर सायकियाट्रिस्ट, ह्यात वेड लागल्याचा काही संबंध नाही. चिठ्ठी मागून घ्या, स्वतःहून बरेचदा देत नाहीत.

आणि फिटच्या गोळ्या चालू असतील तर बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, मेंदूत रक्त आलेल्यांना महिन्यांनी, वर्षांनी पण फिट येऊ शकते. दारू पूर्ण बंद, आधी दोन पेग पचत होते ते आता अर्ध्यातच चढतात आणि फिटचा धोका वाढतो तो वेगळाच. बाईक डॉक्टरांनी लेखी हो म्हणेपर्यंत नाही. ह्यावर घरात सगळ्यात मोठं भांडण होतं हे माहीत आहे, तेव्हा नको कोण म्हणतंय ते तुमच्यावर घेऊ नका, पुढच्या ओपीडीत डॉक्टरांनाच त्यांच्यासमोर कार्डवर लिहायला सांगा आणि चावी दिराकडे देऊन टाका.