शंका-समाधान : लघुग्रहाला ‘मराठवाडा’ नाव देता येईल?

प्रश्न : ‘४१३० रामानुजन’ या लघुग्रहाला आधी ‘१९८८ डीक्यू१’ म्हणत, ते कशावरून? आमच्या शाळेतल्या मुलांना एका शोधमोहिमेत नवा लघुग्रह टिपल्याचं प्रमाणपत्र मिळालं आहे. त्याला ‘मराठवाडा’ किंवा स्वामी रामानंद तीर्थांचं नाव देता येईल का?
— एक शिक्षक, उदगीर

उत्तर : मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यातला हा लघुग्रह आर. राजमोहन यांना तमिळनाडूतल्या कवलूरच्या वेधशाळेत १७ फेब्रुवारी १९८८ रोजी सापडला. वर्षाच्या २४ पंधरवड्यांना (तारखेचे पंधरवडे, शुद्ध-वद्य नव्हेत) एकेक इंग्रजी अक्षर दिलेलं असतं. आय आणि झेड वगळतात. ‘डी’ म्हणजे १६ ते २९ फेब्रुवारी. दुसरं अक्षर पंधरवड्यातला क्रम सांगतं. आय सोडून २५ अक्षरं संपली की पुन्हा ‘ए’पासून सुरुवात, आणि पुढे १ लागतो. ‘क्यू’ सोळावं, म्हणून ‘क्यू१’ म्हणजे २५ + १६, एक्केचाळिसावा.

मुलांच्या लघुग्रहाला आज काही ओळख मिळाली असलीच, तर ती अशीच तात्पुरती असेल. नावाआधी कायमचा क्रमांक लागतो आणि कक्षा पक्की झाल्याशिवाय तो मिळत नाही. त्यासाठी साधारण चार प्रतियुतींमधले (पृथ्वीवरून पाहता लघुग्रह सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला येतो तेव्हाचे) वेध हवेत. पट्ट्यातला लघुग्रह सव्वा ते दीड वर्षाने प्रतियुतीला येतो, तेव्हा जवळपास चार वर्षं धरून चाला. दोन-चार रात्रींच्या वेधांवरून काढलेली कक्षा फार ढोबळ असते. पुढच्या वेळी त्याला आकाशात कुठे शोधायचं तेच कळत नाही आणि तो हरवतो. मुलांना हे आत्ताच सांगा.

क्रमांक पडल्यावर नाव सुचवण्याचा हक्क दहा वर्षं शोधकाचा. नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. अधिकृत नोंदीत शोधक कोण, हे मोहिमेच्या संयोजकांना विचारा. मंजुरी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेची समिती देते, पैसे घेत नाही. कुणी पैसे मागितले तर ती फसवणूक समजा.

‘मराठवाडा’ सुचवायला हरकत नाही. प्रदेशांची नावं चालतात. १८६१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन पॉगसन यांनी मद्रासहून शोधलेल्या ६७ क्रमांकाच्या लघुग्रहाचं नाव ‘एशिया’ आहे. स्वामीजींसाठी मात्र थांबावं लागेल. राजकीय कार्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीचं नाव मृत्यूनंतर १०० वर्षांनीच देता येतं, म्हणजे २०७२ मध्ये. राजकीय घटनांनाही हाच नियम, म्हणून १९४८च्या मुक्तिसंग्रामाच्या नावालाही २०४८ उजाडावं लागेल.

नाव रोमन लिपीत १६ अक्षरांत बसावं, शक्यतो एकाच शब्दाचं असावं. ‘छत्रपती संभाजीनगर’ त्यात मावत नाही. वेरूळ, पैठण, गोदावरी सहज मावतात. आधीच्या नावांशी फार साम्य असलं तरी नकार येतो, म्हणून यादी आधी तपासा.