वडिलांना छातीत दुखतं म्हणून ॲडमिट केलं, तर सिस्टरने 'जीव द्यावासा वाटतो का' असं विचारलं. हे बरोबर आहे का?

विचारलं ते बरोबरच. तुमच्यासमोर विचारलं, ते मात्र मला पटलं नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यात वॉर्डात नर्स आहे. 'नसलेला विचार डोक्यात भरवाल' असं आम्हाला नातेवाईक नेहमी ऐकवतात. पण यावर भरपूर अभ्यास झालाय आणि विचारल्याने धोका वाढतो असं कुठे दिसलेलं नाही. उलट मनात काही असेल तर बोलायला वाट मिळते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेची आत्महत्येचा धोका ओळखायची 'एएसक्यू' नावाची प्रश्नावली आहे. मूळ प्रश्न चारच, उत्तर हो किंवा नाही. त्यातला एक असा: तुम्ही नसलात तर घरच्यांचं बरं होईल असं वाटतं का? आमच्याकडची म्हातारी माणसं नेमकी इथे अडखळतात. मुलगा मुंबईला, रजा टाकून आलेला, खर्च त्याच्या माथी. 'आता कशाला जगायचं' हे तर कोकणात जाता-येता म्हणतात. त्यातलं सवयीचं कुठलं आणि खरं कुठलं, हे सरळ विचारल्याशिवाय कसं कळणार? आणि शेजारी मुलगा असला की आजोबा 'छे छे' म्हणून मोकळे होतात. कधी तर मुलगाच आधी उत्तर देतो! म्हणून मी नातेवाईकाला मेडिकलवर पिटाळते, पडदा ओढते आणि मग विचारते.

उत्तर 'हो' आलं म्हणजे लगेच मनोरुग्णालयात धाडत नाहीत. आधी डॉक्टर नीट बोलतात: विचार आत्ता येतोय का, काही ठरवलंय का. धोका वाटला तर खाट आमच्या टेबलासमोर, माणूस सतत जवळ, आणि गोळ्यांची पिशवी उशाशी नाही (ती नातेवाईक हमखास परत आणून ठेवतात). नुसत्या विचारासाठी पोलीस येत नाहीत. प्रयत्न केलेला माणूससुद्धा तीव्र ताणाखाली होता असंच २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा धरून चालतो.

तसं काही निघालंच, तर डिस्चार्जच्या आधी मानसोपचार ओपीडीची तारीख कागदावर लिहून घ्या. घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडे जपायचे असतात. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट, मराठीत बोलतात.

आज एवढंच करा: वडिलांशी पुन्हा एकदा एकट्याने बोलायला सिस्टरना सांगा, आणि तुम्ही तेवढ्यात चहा पिऊन या.